सायकल उभी, अज्जा आडवे

शिवप्रियाच्या सायकलीत एकच खोट होती. ती फार चांगली झाली होती.

वाकडीतिकडी झाली असती, तर साऱ्या मुरुम गावानं तिला 'शिवप्रियाची सायकल' म्हणून ओळखलं असतं आणि पोटभर हसून घेतलं असतं. पण फ्रेम सरळ, जोड घट्ट, दोन्ही चाकं एका रेषेत, आणि पुढं पाण्याचा जार आयता बसेल असं लोखंडी कडं. असली सायकल दहावीतल्या पोरीच्या एकटीच्या नावावर कोण राहू देतंय?

"वेल्डिंगची मशीन कुणाची?" आप्पा विचारायचे. आप्पा म्हणजे तिचे वडील, शिवानंद. त्यांचं बाजारपेठेत ग्रिल-गेटचं वर्कशॉप. गेट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी सायकल दाखवायचे. "आमच्या इथलंच काम हाय. बघा, एक तरी जोड फुगलाय का?"

"मशीनचं काय घेऊन बसलास?" अज्जा मध्ये पडायचे. आजोबा नागप्पांना सगळं घर अज्जा म्हणायचं. "नळ्या कुणाच्या हायती? माझ्या जुन्या सायकलीच्या. हाडं माझी, नुस्तं कातडं नवं."

शेजारच्या मथुराबाई भिंतीवरून डोकं काढायच्या. "आन् मागचा पाईप? माझ्या मोडक्या झोपाळ्याचा हाय म्हटलं त्यो!"

अव्वानं, म्हणजे आई महानंदानं, उरलेल्या ब्लाऊजपीसचं सीटला कव्हर शिवलं होतं, मोरपंखी, लेस लावून. ती तोंडानं काही बोलायची नाही. कुणी सायकल बघायला आलं, की फक्त येऊन कव्हरवरची धूळ झटकायची.

आणि रणधीर. आप्पांचा शाळेपासूनचा दोस्त. वर्कशॉपच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून तो लोकांचे पीक विम्याचे अर्ज भरायचा, मोटारसायकलींचे विमे उतरवायचा. त्यानं सायकलीसाठी काडीची मदत केली नव्हती. तरी म्हणायचा, "आयडिया आपली."

मग शिवप्रियानं काय केलं होतं? तर बाकीचं सगळं. दिवाळीच्या सुट्टीपासून ती करवतीनं नळ्या कापत होती. एका नळीचं तोंड दुसरीच्या पोटाला चिकटून बसावं म्हणून कानशीनं घास घास घासत होती. भंगाराच्या तुकड्यांवर वेल्डिंग करायची, थंड झालं की घणानं हाणायची, आणि आधी काय तुटतं ते बघायची, नळी की जोड? जोड तुटला की पुन्हा. ज्या दिवशी नळी वाकली आणि जोड जागचा हलला नाही, त्या दिवशी तिनं वर्कशॉपमध्ये नाच केला होता. तो बघायला मात्र कुणीच नव्हतं.

हे सगळं सांगायला ती विज्ञानाच्या योगीराज सरांकडं गेली, तेव्हा घोळ झाला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला सायकल न्यायची होती. विषय: त्रिकोणाची ताकद. सर मुद्दाम घरी बघायला आले. सरांना चहा मिळाला आणि चहाबरोबर प्रत्येकाचा वाटा ऐकायला मिळाला. मशीन ह्यांची, नळ्या त्यांच्या, पाईप झोपाळ्याचा, कव्हर आईचं, आयडिया रणधीरची.

सरांनी कप खाली ठेवला. "छान आहे हो. पण नियम असा आहे, की प्रयोग विद्यार्थ्यानं स्वतः केलेला पाहिजे. यात तुझं काय आहे, बाळ?"

"सायकल, सर."

सगळे हसले. सरही हसले. "शनिवारी मला नावं पाठवायची आहेत. तोपर्यंत मला पटवून दे, की ही तू केलीस. नाहीतर आपला ज्वालामुखी आहेच."

ज्वालामुखी म्हणजे शाळेच्या कपाटातला मातीचा डोंगर. दर वर्षी कुणीतरी त्याच्या तोंडात खायचा सोडा आणि लिंबू घालायचं आणि दर वर्षी तो फसफसायचा. शिवप्रियानं त्या क्षणी ठरवलं, लिंबाला हात लावायचा नाही.

शनिवारच्या आधी वेळ अमावस्येचा सण आला. त्या दिवशी मुरुममध्ये कुत्रं सुद्धा सापडत नाही, सगळे शेतात. ज्याला शेत नाही, त्याला शेतवाल्याचं आवतण. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पूजा मांडायची, 'ओलग्याऽ ओलग्याऽ' करत रानाला आंबील शिंपडायची, आणि मग मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या त्या थंडगार आंबिलीवर तुटून पडायचं. अव्वानं योगीराज सरांना आवतण दिलं होतं. पोटातून पटतंय का बघू, असा तिचा साधा हिशोब.

सगळे टेंपोतून पुढं गेले. आंबिलीची घागर घेऊन मागून यायचं काम अज्जांनी अंगावर घेतलं. कशावरून येणार, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. तिथंच चुकलं.

शेताकडं उतरणारा रस्ता लांबून दिसतो. शिवप्रिया कोपीपाशी सरांना जोडांचं सांगत होती, तेवढ्यात उतारावरून मोरपंखी काहीतरी येताना दिसलं. पुढच्या कड्यात घागर. वर अज्जा. पांढरं धोतर वाऱ्यावर फडफडत होतं आणि अज्जा ओरडत होते.

"निंद्रऽ! निंद्रऽऽ!"

"काय म्हणताहेत?" सरांनी विचारलं. सर नाशिककडचे.

"थांब म्हणतायत. कानडीत."

"कुणाला?"

"सायकलीला, सर."

अज्जांनी आयुष्यभर बैलांना कानडीत थांबवलं होतं आणि बैल थांबले होते. सायकलीला कानडी येत नव्हती. मधेच खर्रकन आवाज झाला, अज्जा डावीकडं वळले आणि सायकल सरळ गेली. अज्जा करडईत. करडईला काटे असतात, हे त्यांनी मोठ्यानं सगळ्या शिवाराला सांगितलं. समोरून मथुराबाई डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन आपल्या शेताकडं चालल्या होत्या. सायकल त्यांच्या पदराला घासून गेली. त्या एका बाजूला, मडकं दुसऱ्या बाजूला. सायकल पुढं जाऊन बांधाच्या भुसभुशीत मातीत घुसली आणि उभी राहिली. नुसती उभी नाही, तर कड्यातल्या घागरीतली आंबील तोंडाशी आली, डचमळली आणि परत खाली बसली.

सगळे धावले.

"अय्यय्यो! मामंजी!" अव्वा ओरडली.

"कुणी जवळ येऊ नगासा!" अज्जा करडईतूनच गरजले. "महानंदा, आधी ती घोंगडी फेक हिकडं!"

घोंगडी फेकली. अज्जांनी ती कमरेभोवती घट्ट गुंडाळली, सरकत सरकत बोरीच्या झाडाखाली आले आणि आडवे झाले. उठवायला गेलं, की खेकसायचे.

"कंबर दुखती का?"

"न्हाय."

"मांडी?"

"न्हाय म्हटलं ना!"

"मग उठा की!"

"उठणार न्हाय!"

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. "आत काहीतरी मोडलंय बघ, रणधीर. ते सांगंनात."

इकडं मथुराबाई मडक्याचा गळा हातात धरून उभ्या होत्या. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं, पण आंबील गेली होती. "आवं, आंबील रानाला शिंपायची का रस्त्याला? आता काय पांदीतनं जोंधळा उगवायचा? माझी भरपाई कोण देणार?"

भरपाई हा शब्द ऐकला आणि रणधीरनं बाह्या सारल्या. सणाच्या दिवशी सुद्धा काम आपल्याला शोधत येतं, असा त्याचा चेहरा झाला.

"घाबरायचं न्हाय. नुकसान झालं की पयलं काम पंचनामा. मथुरामावशी, कायद्यात तुमी हाव तिसरी पार्टी."

"मी कुठल्याच पार्टीत न्हाय बाबा!" मथुराबाई दचकल्या. "गावात दोन हायत्या त्याच लई झाल्या."

"तसं न्हाय. गाडी एकाची, विमा दुसऱ्याचा, आन् लागलं तिसऱ्याला. म्हणून तिसरी पार्टी. बरं, सायकलीला कव्हर होतं का?"

"होतं की!" अव्वा पटकन म्हणाली. "अस्तर लावलेलं."

"वयनी, सीटचं न्हाय. विम्याचं."

"ते कसं शिवत्यात?"

शिवप्रियाला मात्र खरोखरचा प्रश्न पडला होता आणि प्रश्न पडला की तिला दम निघत नसे. "रणधीरकाका, कारखान्यातली सायकल मोडून कुणी पडलं तर?"

"कंपनी जबाबदार. कंपन्यांनी त्याचाबी विमा काढलेला असतो."

"आणि घरी केलेली मोडली तर?"

रणधीरनं डोकं खाजवलं. असा अर्ज त्यानं कधी भरला नव्हता. "मग बनवणाराच्या गळ्यात. विमा कारखानदाराला असतो गं, हौशी माणसाला कोण देतंय?"

"मग हौशी माणसानं काय करायचं?"

"हौस करायची न्हाय!"

ते उत्तर शिवप्रियाला अजिबात आवडलं नाही. पण रणधीरनं मोबाइल काढला होता. पंचनामा आता व्हिडिओवरच करतात, असं त्याचं म्हणणं. पंच म्हणून बाहेरचा, शिकलेला माणूस हवा. सगळ्यांच्या माना योगीराज सरांकडं वळल्या. सर नुकताच उंड्याला हात घालत होते. त्यांनी तो परत ठेवला.

रणधीरला पंचनामा एकाच प्रकारचा येत होता, पिकाचा. त्यामुळं त्यानं त्याच क्रमानं सुरुवात केली.

"नुकसानीचं कारण? अतिवृष्टी, गारपीट, कीड, का रानडुक्कर?"

"उतार," शिवप्रिया म्हणाली.

"नुकसान उभ्या पिकाचं... म्हंजे उभ्या सायकलीचं का आडव्या?"

सरांनी बघून प्रामाणिकपणे सांगितलं, "सायकल उभी आहे. अज्जा आडवे आहेत."

"नुकसान किती टक्के?"

"सायकलीचं शून्य. मडक्याचं शंभर. अज्जांचं..." सरांनी बोरीकडं पाहिलं. "ते दाखवत नाहीत."

"निर्माता कोण?" रणधीरनं मोबाइल आप्पांकडं फिरवला. "शिवा, तुझी मशीन ना? तुझ्या इथलंच काम हाय ना?"

आजवर या प्रश्नाला आप्पा छाती काढून उत्तर देत होते. आता त्यांनी घोंगडीतल्या बापाकडं पाहिलं, मथुराबाईंच्या हातातल्या मडक्याच्या गळ्याकडं पाहिलं, आणि खांदे पाडले.

"मशीन माझी. पण हात लावला न्हाय म्या. पोरीनंच जोडलं सगळं. म्या तर तव्हा लोहारा गावात गेट बसवायला गेलतो."

"सगळं?" सरांनी विचारलं.

"अगदी सगळं, सर. शपथ. मला तर तिचं ते नळीचं तोंड घासायचं जमतबी न्हाय."

शिवप्रियानं कान टवकारले.

मोबाइल मथुराबाईंकडं वळला. "मावशी, पाईप तुमच्या झोपाळ्याचा. म्हंजे माल पुरवठादार तुमी. भरपाईत तुमचाबी वाटा."

"कुठला झोपाळा?" मथुराबाई ताठ झाल्या. "भंगार होतं ते. म्या फेकून दिलतं. तिनं उचललं, तिनं कापलं, तिनं काय केलं ती जाणे! माझी आंबील मलाच भरून द्यायला लावतूस व्हय रं?"

"वयनी, कव्हर?"

"मी कव्हर शिवलंय, सायकल न्हाय," अव्वा म्हणाली. मग मुलीचा पडलेला चेहरा पाहून हळूच पुढं बोलली, "पण कव्हर चांगलं निघालं हां. बघा, एक टाका उसवला न्हाय."

"आणि आयडिया?" सरांनी अगदी शांतपणे विचारलं. "आयडिया कुणाची होती, रणधीर?"

रणधीरचा मोबाइल धरलेला हात थोडा खाली आला. "आयडिया तर... पुस्तकातलीच की, सर. तिच्याच. मी नुस्ता बसलेलो असायचो."

सरांनी एकदा सगळ्यांकडं आणि एकदा सायकलीकडं पाहिलं. पण आप्पांचं लक्ष सरांकडं नव्हतं. ते उठले.

"पंचनामा पुरं. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं, उद्या दुसऱ्या कुणाचं मोडल. विमा न्हाय, काय न्हाय. सकाळी ग्राइंडरनं तुकडे करतो आन् भंगारात घालतो. गेट केलेलं बरं. गेटावरनं कोण पडत न्हाय."

"आप्पा!"

"बास."

शिवप्रिया सायकलीपाशी गेली. रडायला नाही, बघायला. तिला कळायलाच हवं होतं, की काय चुकलं. सगळे जोड तिनं बोटानं चाचपले. कुठं भेग नाही. नळ्या सरळ, ब्रेक लागत होते. मग तो खर्र आवाज कशाचा? ती खाली वाकली. चेनच्या दातांत काळंकुट्ट झालेलं पांढरं कापड गच्च अडकलं होतं. हातभर तरी असेल. एका कडेला बारीक लाल काठ.

अज्जांच्या धोतराचा काठ.

तिनं वळून बोरीकडं पाहिलं. अज्जा तिच्याकडंच बघत होते, घोंगडी दोन्ही मुठींत धरून. एवढ्या माणसांत, पोरीच्या सरांसमोर, सुनेसमोर, मथुराबाईंसमोर! अज्जा का उठत नाहीत, ते तिला एका क्षणात लख्ख कळलं. आता एक शब्द बोललं की सायकल वाचत होती, आणि अज्जांची अब्रू चारचौघांत उघडी पडत होती. मग तिनं तो चेनमधला तुकडा पदराआड झाकावा तसा ओढणीनं झाकला.

"काय सापडलं का?" सरांनी विचारलं.

"बघतेय, सर," ती पुटपुटली. इतका वेळ प्रश्न विचारणारी पोरगी पहिल्यांदाच उत्तर लपवत होती.

"शिवानंदा!" अज्जा एकदम ओरडले. "ग्राइंडरचं नाव काढू नगंस!"

"बाबा, तुमचं हाड..."

"हाडं सगळी जागेवर हायती!" आणि अज्जा ताडकन उभे राहिले. घोंगडी एका हातानं धरलेली, दुसरा हात चेनकडं. "धोतार न्हाय जागेवर! निम्मं तिथं हाय. सायकलीचा काय दोष? चेन उघडी, आन् माझा सोगा सुटलेला. पोरीनं कवाच सांगितलतं मला, अज्जा, हिला चेनकव्हर बसलं न्हाय अजून, कुणी धोतारवाल्यानं बसू नगा म्हणून. म्या म्हटलं, हाडं माझीच हायती, मला काय करत्यात!"

मग मथुराबाई अशा हसायला लागल्या, की हातातला मडक्याचा गळासुद्धा फुटला. अव्वा पदर तोंडात कोंबून पाठमोरी झाली. आप्पा आधी घाबरून, मग सुटकेनं, आणि मग नुसतेच हसत राहिले.

रणधीर गंभीर होता. "म्हंजे मी पयल्यांदा विचारलं तेच बरोबर होतं. कव्हर नव्हतं."

सरांनी अखेर तो उंडा उचलला. "पंच म्हणून माझं मत सांगू? फ्रेम माणसासकट उतारावरून आली, बांधावर आदळली, आणि घागरीतला थेंब सांडला नाही. आणि ती कुणी केली, याबद्दल मघाशी इतक्या लोकांनी शपथेवर सांगितलंय, की मला आता शंका घ्यायला जागाच उरली नाही. व्हिडिओ आहे ना, रणधीर?"

"हाय की, सर."

"शनिवारी पहिलं नाव शिवप्रियाचं जाईल."

झालं! हे ऐकलं मात्र, आणि वारं फिरलं.

"शेवटी मशीन बी चांगली होती म्हणा," आप्पा भज्जी वाढता वाढता म्हणाले.

"पाईप जुना होता पण दणकट. झोपाळ्यावर आमी चौघी बसायचो," मथुराबाई म्हणाल्या. कड्यातल्या घागरीतून त्यांना अर्धी आंबील काढून दिली होती, त्यामुळं आवाज निवळला होता.

"आणि आयडिया..." रणधीरनं सुरुवात केली.

शिवप्रियानं हात पुसले आणि त्याच्या हातातला मोबाइल उचलून गोड आवाजात विचारलं, "मग तुमचं नाव लिहू का निर्माता म्हणून? आप्पा? मथुरामावशी? रणधीरकाका? पुढं कुणी पडलं, तर जबाबदारी तुमची हां."

आप्पांना एकदम मीठ कमी वाटलं. मथुराबाईंना आपल्या शेतातली पूजा आठवली. रणधीरनं अख्खा उंडा तोंडात कोंबला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मथुराबाई भिंतीवरून हळूच डोकावल्या. त्यांच्या हातात तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा होता, कापून, कडा दुमडून, चेनच्या मापाचा. त्यावरचं सूर्यफूल बरोबर मधोमध आलं होतं.

"घे. चेनला लाव. पण माझं नाव कुठं घेऊ नगंस, बया. तिसरी पार्टी हाय तीच बरी मी."

प्रदर्शनात सायकलीपुढं एक पुठ्ठ्याचा बोर्ड होता. त्यावर शिवप्रियानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बनवणार: शिवप्रिया.' बाजूलाच नवं धोतर नेसून अज्जा खुर्ची टाकून बसले होते. सोगा घट्ट खोचलेला. येणाऱ्या जाणाऱ्याला ते बोर्डावरची खालची ओळ बोटानं दाखवत होते, कारण सगळ्या मुरुममध्ये आपलं नाव लिहू देणारे ते एकटेच निघाले होते.

'पडून बघणार: नागप्पा.'